गाभोळी नसलेला मासा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मासे घरी आले, की आमच्या आईचा पहिला प्रश्न असायचा, "गाभोळी आहे का गं?" गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, हे कोकणाबाहेरच्या मंडळींसाठी सांगते. हळद, तिखट, मीठ लावून ती तव्यावर पडली, की आम्हा भावंडांची जेवणाआधीच भांडणे सुरू व्हायची. गाभोळीचा मासा म्हणजे एकावर एक फुकट, असा आमचा हिशेब होता. पुढे मी मत्स्यशास्त्र शिकले, तेच शिकवू लागले. कामानिमित्त हिमाचल प्रदेशात गेले असता तिथला एक ट्राउटपालक मला म्हणाला, "मॅडमजी, पोटात अंडी धरली की मासा बिघडला समजा." तेव्हा मला ते पटायला जरा वेळच लागला.

आज बोलायचे आहे ते या बिघडण्याविषयी, आणि ते टाळण्यासाठी माणसाने काढलेल्या एका युक्तीविषयी. युक्ती अशी, की माशाला अंडीच धरू द्यायची नाहीत. त्यासाठी त्याला औषध द्यायचे नाही, शस्त्रक्रिया करायची नाही. तो अंड्यात असतानाच, आयुष्याच्या पहिल्या तासाभरात, त्याच्या पेशीतला एक हिशेब बदलून टाकायचा.

आधी ट्राउट कोण ते पाहू. आपल्यापैकी जे मनालीला जाऊन आले असतील, त्यांनी तिथे तळलेला ट्राउट खाल्ला असेल, आणि तो 'इथलाच मासा' म्हणून खाल्ला असेल. तो तसा इथला नाही. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपकडचा. त्याची अंडी काश्मीरला आणण्याचा पहिला प्रयत्न १८९९ साली झाला, ती अंडी वाटेतच मेली. १९०० साली बर्फात जपून आणलेली दुसरी खेप मात्र श्रीनगरला जिवंत पोहोचली. ती वाढवण्याचे श्रेय फ्रँक मिचेल नावाच्या, तिथे गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या गृहस्थांकडे जाते. पुढे हे मासे काश्मीर आणि कुलूच्या नद्यांत सोडले गेले, रुजले आणि आज तिथे आपोआप वाढतात. दुसरा तो रेनबो ट्राउट, अंगावर गुलाबी पट्टा असलेला. हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूचा. आपल्याकडे सिमेंटच्या लांबट हौदांत पाळला जातो तो प्रामुख्याने हा. दोघांनाही थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याच्या आपल्या तलावांत त्यांना पाळण्याचा विचार कोणी करू नये. दरवर्षी एखादा उत्साही तरुण मला हे विचारतोच.

आता बिघडण्याकडे येऊ. रेनबो ट्राउट साधारण दोन वर्षांचा झाला, की वयात येऊ लागतो. नर बरेचदा मादीआधीच येतो. वयात आलेल्या माशाचे खाणे कमी होते, आणि जे खातो ते मांसाकडे न जाता अंड्यांकडे नाहीतर शुक्राकडे जाते. ट्राउटचे मांस नारिंगी दिसते ते खाद्यातल्या रंगद्रव्यामुळे. तेही मांसातून निघून कातडीत आणि अंड्यांत जाऊन बसते. मांस फिके पडते, कातडी काळवंडते, नराचा खालचा जबडा हुकासारखा वाकतो. प्रतिकारशक्ती उतरते, अंगावर कापसासारखी बुरशी चढते. पाव किलोचा मासा विकणाऱ्याला यातले काही सोसावे लागत नाही, कारण त्याचा मासा तोवर ताटात गेलेला असतो. पण ज्याला दोन-तीन किलोचा मासा काढून त्याचे जाड तुकडे विकायचे आहेत, त्याची दोन वर्षांची मेहनत ऐन शेवटी पाण्यात जाते. माझ्या ट्राउटपालकाचे म्हणणे हे होते.

वयातच न येणारा मासा कसा करायचा? याचे उत्तर समजायला आपण जळगावला जाऊ. आपण खातो त्या केळ्यात बी का नसते? केळीच्या जंगली नातेवाइकांच्या फळात टणक काळ्या बिया असतात. आपल्या बागेतली केळी मात्र 'त्रिगुणित' आहे. म्हणजे असे, की बहुतेक सजीवांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. केळीत ते तीन आहेत. बिनबियांच्या कलिंगडाचेही तेच. (नाशिकच्या बिनबियांच्या द्राक्षाची गोष्ट वेगळी आहे, तिथे बी धरते पण वाढत नाही.) आता तीन संच असले म्हणून बी का धरू नये? बीज तयार होताना गुणसूत्रांना आपापल्या जोड्या लावाव्या लागतात आणि मग जोडी फोडून एकेक इकडे-तिकडे जावे लागते. फुगडीला दोघी लागतात. तिघी आल्या, की एक तरी बाजूला राहते, नाहीतर तिघींचा गोंधळ होतो. रेनबो ट्राउटमध्ये गुणसूत्रे साधारण ६० असतात, म्हणजे तीस जोड्या. त्रिगुणित माशात ती ९० होतात आणि तीसही ठिकाणी तिघींची फुगडी सुरू होते. अशा गोंधळातून धड अंडे तयार होत नाही. मादीच्या पोटात अंडाशय असते, पण ते दोऱ्यासारखे बारीकच राहते.

हा तिसरा संच आणायचा कुठून? तो बाहेरून आणावा लागत नाही, अंड्यातच असतो. मादीचे अंडे तयार होऊन बाहेर पडते तेव्हा त्याचे शेवटचे विभाजन अर्धवट थांबलेले असते. शुक्रजंतू आत शिरला, की ते पुन्हा सुरू होते आणि आईच्या गुणसूत्रांचा एक जादा संच, छोटी पुडी बांधून टाकावी तसा, अंड्याबाहेर टाकला जातो. ही पुडी बाहेर जायच्या बेतात असताना अंड्याला जोराचा धक्का द्यायचा. गुणसूत्रांना ओढून वेगळे करणारे बारीक धागे त्या धक्क्याने विस्कटतात आणि पुडी आतच राहते. आईचे दोन संच, बापाचा एक, असे तीन.

धक्का दोन प्रकारे देतात. एक उष्णतेचा. दहा अंशांच्या पाण्यातली नुकतीच फळलेली अंडी काही मिनिटांनी २६ ते २८ अंशांच्या पाण्यात दहा-वीस मिनिटे ठेवायची आणि पुन्हा थंड पाण्यात आणायची. दुसरा दाबाचा. पोलादी नळकांड्यात पाण्यासह अंडी भरून हवेच्या दाबाच्या सुमारे साडेसहाशे पट दाब पाच मिनिटे द्यायचा. इतक्या दाबाखाली अंडे फुटत कसे नाही, असे विद्यार्थी हमखास विचारतात. दाब सगळ्या बाजूंनी सारखा असतो आणि अंड्यात हवेची पोकळी नसते, म्हणून फुटत नाही. दाबाचे यंत्र महाग, पण निकाल भरवशाचा. उष्णतेला एक टाकी, एक हीटर आणि एक तापमापक पुरतो, पण तिथे माणसाचे लक्ष हवे.

हे मी अनुभवाने सांगते. शिकत असताना एका हॅचरीत हिवाळ्यात मी हे काम पाहायला गेले होते. तिथे पहाटे मादीला गुंगी देत, फडक्याने कोरडी करत आणि पोटावरून हलका हात फिरवत कोरड्या पातेल्यात अंडी काढत. पातेल्यात पाण्याचा थेंब पडलेला चालत नाही. ज्वारीच्या दाण्याहून मोठी, वाटाण्याहून लहान, हापूसच्या रसाच्या रंगाची अंडी. त्यावर नराचे दुधासारखे शुक्र, मोराच्या पिसाने ढवळणे आणि मग पाणी. पाणी पडले, की घड्याळ सुरू. मला गरम पाण्याच्या टाकीचे काम दिले होते. हात थंडीने बधिर झाले होते म्हणून मी ते क्षणभर शेकोटीवर धरले, आणि तेवढ्यात हीटर चालूच राहिला. तापमापक पाहिला तेव्हा पारा तिसाच्या वर गेला होता. अंडी बाहेर काढली, तेव्हा दिसायला ती होती तशीच होती. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये साबुदाण्यासारखी पांढरी झाली. दोन माद्यांची, म्हणजे काही हजार अंडी. हॅचरीतले वयस्क कामगार काही बोलले नाहीत. चिमट्याने एकेक मेलेले अंडे वेचायला मात्र मला बसवले.

ट्राउटच्या बाबतीत ही लुडबूड इतकी पचते, याला एक कारण आहे. या कुळाच्या पूर्वजांत आठ-दहा कोटी वर्षांपूर्वी सगळी गुणसूत्रे एकदा दुप्पट झाली होती आणि तो वंश टिकला. संचांची उलथापालथ या घराण्याला नवी नाही. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत असा गर्भ वाढत नाही.

तीन संच झाले तरी प्रश्न पुरता सुटत नाही. त्रिगुणित मादी पोरवयातच राहते, पण त्रिगुणित नर वयात येतो! त्याला धड संतती होत नाही, तरी शरीरात नराची संप्रेरके तयार होतात, जबडा वाकतो, मांस बिघडते, सगळी नाटके होतात. म्हणून व्यवहारात हवी असते ती नुसत्या माद्यांची फौज. ती मिळवण्याची रीत ऐकली, की श्रोते हसतात. ट्राउटमध्ये माणसासारखेच मादीत दोन एक्स आणि नरात एक एक्स, एक वाय असते. मादी पिल्लांना अगदी लहानपणी काही आठवडे खाद्यातून नराचे संप्रेरक दिले, तर ती शरीराने नर होतात, पण गुणसूत्रे मादीचीच राहतात. अशा नराच्या शुक्रात वाय असणारच नाही. त्याच्याशी साध्या मादीचा संकर केला, की होतील त्या सगळ्या मुलीच. या बापांना पुष्कळदा शुक्र बाहेर सोडायची नळीच नसते. त्यामुळे त्यांना मारून वृषण काढून घ्यावे लागतात. संप्रेरक मिळते ते या बापाला. तुमच्या ताटात येते त्या लेकीला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यावरून गैरसमज फार आहेत.

दुसरा गैरसमज जनुकीय बदलाचा. त्रिगुणित ट्राउटमध्ये बाहेरचे एकही जनुक घातलेले नसते. युरोपीय संघाच्या २००१ च्या कायद्यातही गुणसूत्रांचे संच वाढवण्याची ही पद्धत जनुकीय बदलात धरलेली नाही. गोंधळ होतो तो बहुधा यामुळे, की अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळालेला, परके जनुक घातलेला एक साल्मन होता, आणि तो सुटून जंगली माशांत मिसळू नये म्हणून त्यालाही सर्व-मादी, त्रिगुणित केले होते. तिथे त्रिगुणितपण हे कुलूप होते, चोर नव्हे.

आता संकराकडे वळू. संकरित म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संकरित गाय येते, पण ती एकाच जातीच्या दोन वाणांची लेक. ट्राउटमध्ये दोन निराळ्या जातींचाच संकर करतात, घोडा-गाढवासारखा. युरोपातल्या ब्राउन ट्राउटची मादी आणि अमेरिकेतल्या ब्रुक ट्राउटचा नर यांच्यापासून होतो तो टायगर ट्राउट. अंगावर वाघासारखी वळणावळणाची नक्षी, भूक जबर, आणि खेचरासारखाच वांझ. आईकडून ४० गुणसूत्रे, बापाकडून ४२, आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत. यातली अडचण अशी, की साध्या संकरातली बहुतेक पिल्ले सुरुवातीलाच मरतात. इथे तोच उष्णतेचा धक्का कामी येतो. आईचे दोन संच आणि बापाचा एक झाला, की जगणाऱ्या पिल्लांचे प्रमाण खूप वाढते. दोन परक्यांच्या भांडणात आईचे पारडे जड झाले, की घर चालते, असे आमचे एक सर गमतीने म्हणत.

मात्र संकर म्हणजे वांझ, असे समजू नका. ब्रुक ट्राउट आणि लेक ट्राउट यांच्या संकराला स्प्लेक म्हणतात. त्या दोघांची गुणसूत्रे सारखीच, ८४. स्प्लेक वांझ नसतो. रेनबो आणि अमेरिकेतला कटथ्रोट ट्राउट यांची संततीही चांगली सुपीक असते. यातून काय अनर्थ झाला ते पुढे येईलच.

संकर आणि तीन संच या दोन्ही विद्या एकाच माशात वापरल्याचा मला सर्वांत आवडणारा नमुना जपानचा आहे. नागानो हा जपानमधला डोंगराळ प्रांत, त्याला समुद्र नाही. 'आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला आमचा म्हणून कोणता मासा वाढावा?' ही तिथली खरी अडचण. प्रांताच्या मत्स्य प्रयोगशाळेने सुमारे दहा वर्षे खपून एक मासा तयार केला. २००४ साली त्याला सरकारी मान्यता मिळाली. नागानोचे जुने नाव शिन्शू, म्हणून हा 'शिन्शू साल्मन'. नाव साल्मन असले, तरी आहे ट्राउटच. आई रेनबो, पाळायला सोपी. बाप ब्राउन, रेनबोला जेरीस आणणाऱ्या एका विषाणूजन्य रोगाला दाद न देणारा. युक्ती आईत आहे. आधी रेनबोची चार संचांची मादी तयार केली. त्यासाठी धक्का जरा उशिरा, अंड्याची पेशी पहिल्यांदा दुभागते त्या वेळी द्यावा लागतो, आणि त्यातून फार थोडी पिल्ले वाचतात. पण एकदा अशी आई हाती लागली, की तिच्या अंड्यात आपोआपच दोन संच येतात. ब्राउन बाप वर सांगितल्यासारखा, मुळात मादी असलेला. म्हणजे दरवर्षीच्या लाखो अंड्यांना धक्का द्यायची गरजच नाही. साधे फलन केले, की तीन संचांच्या, संकरित, वांझ मुली जन्माला येतात. दोन-तीन वर्षांत मोठा होणारा, अंडी न धरणारा, कच्चा खाता येईल असा लालसर मांसाचा मासा. समुद्र नसलेल्या प्रांताने आपला मासा बनवून घेतला!

इथपर्यंतची गोष्ट हौदाची आणि ताटाची झाली. माझ्या मते या विद्येचे खरे मोल नदीत कळते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत नदीत मासे सोडणे हे पुण्यकर्म मानले जाई. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांना मासे हवेत, मग हॅचरीतून आणा आणि ओता. स्लोव्हेनियात सोचा नावाची निळ्या-हिरव्या पाण्याची नदी आहे. तिथला मूळ मासा मार्बल ट्राउट, अंगावर संगमरवरासारखी नक्षी असलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्या पाण्यात परका ब्राउन ट्राउट सोडला गेला. दोघे नात्याने जवळचे, संकर सुपीक. काही दशकांत मुख्य नदीतला शुद्ध मार्बल ट्राउट संकरात विरघळून गेला. शुद्ध राहिला तो वरच्या काही एकाकी ओहोळांत, जिथे धबधब्यामुळे परका मासा चढू शकला नाही. अमेरिकेच्या पश्चिमेला रेनबो आणि कटथ्रोट यांचे हेच झाले. मासेमारीने संपलेली जात मासेमारी थांबवून परत आणता येते. दुधात मिसळलेले पाणी मात्र परत काढता येत नाही.

म्हणून मग धोरणे बदलली. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने २००१ पासून, जिथे जंगली माशाशी संकर होण्याची शक्यता आहे तिथे वांझ, त्रिगुणित रेनबोच सोडायचे ठरवले. इंग्लंडमध्ये २०१५ पासून नद्यांत सोडायचा ब्राउन ट्राउट, काही अपवाद वगळता, त्रिगुणित असावा लागतो. गळवाल्याला मासा मिळतो, आणि विणीच्या काळात या माद्या जंगली नरांच्या वाटेला जात नाहीत. इथे पुन्हा सर्व-मादीचे महत्त्व लक्षात घ्या. त्रिगुणित नर विणीच्या जागी जाऊन जंगली मादीबरोबर शुक्र सोडू शकतो, आणि तिची अंडी फुकट जातात.

पण 'वांझ' हा शिक्का किती पक्का? ट्राउटच्या तांबड्या पेशीत, आपल्यासारखे नसून, केंद्रक असते आणि त्रिगुणित माशाची तांबडी पेशी मोठी असते. रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. यंत्राने पेशीतला डीएनए मोजला तर आणखी नेमके कळते. मात्र प्रत्येक मासा तपासणे परवडत नाही, नमुना घ्यावा लागतो. समजा, १०० मासे तपासले आणि शंभरच्या शंभर त्रिगुणित निघाले. दुकानदार म्हणेल, माल शंभर टक्के. संख्याशास्त्र म्हणते, थांबा. या निकालावरून एवढेच खात्रीने म्हणता येते, की लॉटमध्ये साधे मासे असलेच, तर ते बहुधा तीन टक्क्यांहून जास्त नसावेत. दहा हजारांत तीन टक्के म्हणजे तीनशे सुपीक मासे. हौदासाठी हे काहीच नाही. पण वरच्या ओहोळात मूळ जातीचे पाच-सहाशेच मासे उरले असतील तर? म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत असे, की किती तपासले हे आधी विचारा, किती निघाले ते मग.

शिवाय वांझ मासाही खातो. हिमालयाच्या नद्यांत मूळचा असला नावाचा मासा आहे. इंग्रजीत त्याला स्नो ट्राउट म्हणतात, पण आहे तो रोहू-कटल्याच्या कुळातला. त्याचा आणि ब्राउन ट्राउटचा संकर होणे शक्य नाही. पण ब्राउन ट्राउट लहान मासे खातो. तीन संचांच्या ट्राउटने पिल्ले घातली नाहीत, तरी असल्याची पिल्ले खाण्यात तो काही कसूर करणार नाही. तेव्हा 'त्रिगुणित आहे, सोडा बिनधास्त' हे मला मान्य नाही.

आता राहिले माशाचे. आपल्याला मोठा मासा मिळाला, नदीला अभय मिळाले, त्या माशाला काय मिळाले? त्याच्या तांबड्या पेशी मोठ्या असतात, पण संख्येने कमी. पाणी थंड आणि खेळते असेपर्यंत फरक जाणवत नाही. पाणी तापले, प्राणवायू घटला, की तो साध्या माशाच्या आधी हार मानतो. जबड्याचे व्यंग, डोळ्यांत मोतीबिंदू, यांचे प्रमाणही जास्त आढळते. खाद्यात फॉस्फरससारखी काही द्रव्ये वाढवली, तर ते बरेच आटोक्यात येते. ट्राउटचा भाऊबंद असलेल्या साल्मनवर नॉर्वेत समुद्रातल्या पिंजऱ्यांत मोठे प्रयोग झाले. त्रिगुणित माशांचे हाल जास्त होतात, असे तिथल्या शास्त्रज्ञांनी नोंदवले.

हे सगळे मला पुस्तकातून माहीत होते, तरी माझ्या हातून व्हायची ती चूक झालीच. उत्तराखंडात १९८७ साली थंड पाण्यातल्या माशांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले आणि आपल्याकडेही त्रिगुणित रेनबोचे प्रयोग झाले. त्या विषयाने मला झपाटले होते. सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला, त्या ट्राउटपालकाला मीच गळ घातली, की एका हौदात ही पिल्ले वाढवून बघा. त्याचे दोन हौद होते, एकाखाली एक. नाल्याचे पाणी आधी वरच्या हौदात यायचे, मग खालच्यात. वरच्यात त्याचे साधे मासे होतेच, खालचा रिकामा होता, म्हणून बोटुकली मी खालच्या हौदात सोडायला लावली. दुसऱ्या वर्षी पहिल्या मोठ्या पावसात नाला गढूळ झाला. गाळ नको म्हणून त्याने रात्री पाणी बंद केले. पहाटे पाहिले, तर वरच्या हौदातले मासे पाण्याच्या तोंडाशी गोळा झालेले, पण जिवंत. खालच्या हौदात बहुतेक सगळे उलटे तरंगत होते. बाजारात जायला दोन महिने राहिले होते.

शास्त्र म्हणून विचाराल, तर ते त्रिगुणित असल्यामुळे मेले, की खालच्या हौदात वरचे वापरलेले पाणी असल्यामुळे मेले, हे त्या एका रात्रीवरून सांगता येत नाही. प्रयोगाची मांडणीच चुकली होती, आणि ती माझी होती. नाजूक माशाला उष्टे पाणी दिले होते. मी त्याला माशांची किंमत देऊ केली, त्याने अर्धीच घेतली. "बाकीची अक्कल मला आली, मॅडमजी," म्हणाला.

तीन वर्षांनी पुन्हा गेले, तेव्हा त्याने मला न विचारताच रचना बदलली होती. वरच्या हौदात त्रिगुणित, खाली साधे. नाल्यापासून वेगळी एक झऱ्याची नळी वरच्या हौदावर धो-धो पडेल अशी आणली होती. पाणी बंद करायची वेळ आली तर ती नळी बंद होत नाही, हे त्याने दोनदा सांगितले. मोठे मासे दिल्लीच्या हॉटेलांसाठी बर्फात घालून जायचे होते, त्यांतला एक त्याने चिरून दाखवला. दीड हाताचा मासा, गर्द नारिंगी मांस, आणि पोटात दोन बारीक पांढुरके दोरे. एवढेच अंडाशय.

रात्री जेवायला मात्र त्याच्या बायकोने खालच्या हौदातली साधी मादी काढली होती. मी विचारायच्या आतच तिने ताटलीत गाभोळी वेगळी काढून ठेवली होती. तिथे ती फेकून देतात. तळायची कशी ते तिला ठाऊक नव्हते. हळद, तिखट, मीठ मी मागून घेतले आणि तवा चुलीवर ठेवला.